कारखान्याच्या आतील बांध : औद्योगिक जाळ्यांची विभागणी आणि व्हीलॅन

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई या पोलादनगरीच्या दक्षिणेस उतई ही लहानशी नगर पंचायत आहे. भाताच्या शेतांच्या या परिसरात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे नवप्रविष्ट जवानांसाठीचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९६८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले हे दल १० मार्च १९६९ रोजी अवघ्या तीन बटालियनांनिशी अस्तित्वात आले. सार्वजनिक क्षेत्रातील मोठ्या कारखान्यांचे संरक्षण हा त्याच्या स्थापनेमागील मूळ हेतू होता. प्रवेशद्वारावर ओळखपत्राची तपासणी करणे, आत-बाहेर जाणाऱ्या वाहनांची नोंद ठेवणे, संवेदनशील विभागात अनधिकृत व्यक्तीस मज्जाव करणे, ही या संरक्षणाची परिचित रूपे होत.

गेल्या तीन दशकांत मात्र कारखान्यात शिरण्याचा आणखी एक मार्ग निर्माण झाला आहे. त्याला फाटक नाही आणि त्यावर पहारेकरीही दिसत नाही. हा मार्ग म्हणजे यंत्रांना, संगणकांना आणि कॅमेऱ्यांना परस्परांशी जोडणारे संदेशवहनाचे जाळे. या जाळ्याच्या आत विभाग कसे पाडावेत आणि एका विभागातील बिघाड दुसऱ्यात जाण्यापासून कसा रोखावा, हा आज औद्योगिक विकासाचा एक महत्त्वाचा प्रश्न बनला आहे. त्याच्या उत्तराचा पहिला भाग 'आभासी स्थानिक जाळे' अर्थात व्हीलॅन या तंत्रात आहे. प्रस्तुत लेखात या तंत्राचे स्वरूप, औद्योगिक स्विचवर त्याची मांडणी करण्याची पद्धत, त्याच्या मर्यादा आणि त्यामागील अर्थकारण यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांच्या धोरणाचे भिलाई हे ठळक प्रतीक होते. दहा लाख टन वार्षिक क्षमतेपासून सुरू झालेला हा कारखाना टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि आधुनिकीकरण व विस्तार पूर्ण झालेला कारखाना १४ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. ४,०६० घनमीटर आकारमानाची आठवी झोतभट्टी आणि रेल्वेसाठी लांब रूळ बनविणारी नवी मिल ही या टप्प्याची वैशिष्ट्ये आहेत.

पहिल्या पिढीतील पोलाद कारखान्यात नियंत्रण म्हणजे माणसाचा हात, डोळा आणि अनुभव होता. तापमान मापकावर वाचले जाई आणि झडप हाताने फिरविली जाई. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विद्युत-नियंत्रण आले. आजच्या कोणत्याही आधुनिक पोलाद कारखान्यात हजारो संवेदक तापमान, दाब व वायूचा प्रवाह मोजतात. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, हे छोटे औद्योगिक संगणक त्या मोजमापांवरून झडपा, पंखे आणि मोटारी चालवितात. नियंत्रण कक्षातील पडद्यांवर सर्व चित्र एकत्र दिसते आणि उत्पादनाचे आकडे थेट कार्यालयापर्यंत पोहोचतात. उत्पादकता, इंधन बचत आणि कामगारांची सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी ही जोडणी लाभदायक ठरली आहे. परंतु जे जोडले जाते, त्याचे दोषही जोडले जातात.

एकसंध जाळ्याचे धोके

ज्या जाळ्यात कार्यालयीन संगणक, पहारा ठेवणारे कॅमेरे आणि यंत्रे चालविणारे पीएलसी एकाच सपाट पातळीवर जोडलेले असतात, त्याला एकसंध जाळे म्हणता येईल. त्यापासून दोन प्रकारचे धोके संभवतात.

पहिला धोका कोणत्याही हल्लेखोराशिवाय उद्भवतो. १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात पाणी फिरविणारे दोन्ही पंप बंद पडले आणि अणुभट्टी कर्मचाऱ्यांना हाताने थांबवावी लागली. या पंपांच्या वेगाचे नियंत्रण करणारी उपकरणे जाळ्यावरील अतिरिक्त संदेशांच्या माऱ्यामुळे प्रतिसाद देईनाशी झाली होती, असे तपासात निष्पन्न झाले. कोणी शत्रू आत शिरला नव्हता. जाळ्याला आतून बांध नव्हते, एवढेच.

दुसरा धोका हेतुपूर्वक केलेल्या हल्ल्याचा आहे. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने २०१४ च्या आपल्या अहवालात एका पोलाद कारखान्याचे उदाहरण दिले. कारखान्याचे नाव अहवालात दिलेले नाही. फसव्या ई-मेलच्या साहाय्याने हल्लेखोर प्रथम कार्यालयीन जाळ्यात शिरले आणि तेथून उत्पादनाच्या जाळ्यात पोहोचले. नियंत्रण यंत्रणेतील घटक एकामागून एक निकामी झाल्याने झोतभट्टी नियमित पद्धतीने बंद करता आली नाही आणि मोठे नुकसान झाले. झोतभट्टी ही रात्रंदिवस अखंड चालणारी यंत्रणा आहे. तिच्यातील वितळलेले लोखंड, प्रचंड उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू लक्षात घेता, नियंत्रण सुटणे म्हणजे केवळ आर्थिक तोटा नव्हे. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आला आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची जगभरातील संगणक यंत्रणा ठप्प केली. त्याचा फटका जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाशी संलग्न टर्मिनलच्या कामकाजालाही बसला. या समूहाला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले आणि कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके असल्याचे सांगितले. युक्रेनमध्ये लागलेली आग न्हावा शेव्यापर्यंत पोहोचली, कारण मधल्या वाटेवर तिला पुरेसे अडथळे नव्हते.

याउलट उदाहरण तामिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचे आहे. २०१९ मध्ये तेथील एका संगणकात घातक प्रणाली आढळल्याचे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. तो संगणक प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यावरील होता आणि प्रकल्पाचे महत्त्वाचे अंतर्गत जाळे त्यापासून अलग होते, असेही महामंडळाने स्पष्ट केले. घुसखोरी झाली, परंतु भट्टीच्या नियंत्रणापर्यंत ती पोहोचली नाही. विभागणीचे मूल्य यातून लक्षात येते.

व्हीलॅन म्हणजे काय?

व्हीलॅन समजण्यासाठी प्रथम स्विचचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. स्विच हे जाळ्यातील उपकरणांना जोडणारे साधन आहे. प्रत्येक उपकरणाला जन्मतः मिळालेला एक पत्ता असतो. कोणता पत्ता आपल्या कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच शिकून घेतो आणि संदेश त्याच पोर्टवर पाठवितो. परंतु काही संदेश सर्वांसाठी असतात. 'अमुक पत्ता कोणाचा आहे?' अशी विचारणा करणारा संदेश स्विच आपल्या सर्व पोर्टांवर पाठवितो. असा सार्वत्रिक संदेश जेथवर पोहोचतो, त्या क्षेत्राला प्रक्षेपण क्षेत्र म्हणतात. साध्या स्विचवर सर्व उपकरणे एकाच प्रक्षेपण क्षेत्रात असतात.

व्हीलॅनमुळे एकाच स्विचचे, किंवा एकमेकांना जोडलेल्या अनेक स्विचचे, तर्कदृष्ट्या स्वतंत्र भाग पाडता येतात. पोर्ट १ ते ८ एका गटात आणि ९ ते १६ दुसऱ्या गटात ठेवल्यास पहिल्या गटातील सार्वत्रिक संदेश दुसऱ्या गटात जात नाही. जणू दोन वेगळे स्विच खरेदी केले आहेत. भाताच्या शेतीतील बांधांशी याची तुलना करता येईल. जमीन सलग असली तरी बांधांमुळे प्रत्येक खाचरातील पाणी वेगळे राहते. बांध फुटला तरी सारे शिवार वाहून जात नाही.

या तंत्राचे आंतरराष्ट्रीय मानक 'आयईईई ८०२.१ क्यू' हे असून ते प्रथम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. या मानकानुसार संदेशाच्या फ्रेममध्ये चार बाइटची एक खूणचिठ्ठी जोडली जाते. तिला टॅग म्हणतात. तिच्यातील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक दर्शवितात. १२ बिटांतून ४,०९६ क्रमांक तयार होतात. त्यांपैकी ० आणि ४,०९५ हे राखीव असल्याने प्रत्यक्षात ४,०९४ क्रमांक वापरता येतात. टॅगमधील आणखी ३ बिट संदेशाची निकड सांगतात, म्हणजेच ० ते ७ अशा आठ प्राधान्य श्रेणी उपलब्ध होतात.

स्विचचे पोर्ट मुख्यत्वे दोन प्रकारे वापरले जातात. पीएलसी, कॅमेरा किंवा संगणक यांसारखे अंतिम उपकरण ज्याला जोडले जाते, तो ॲक्सेस पोर्ट होय. तो सर्वसाधारणपणे एकाच व्हीलॅनचा सदस्य असतो आणि उपकरणाला टॅगची जाणीवही नसते. दोन स्विच परस्परांना जोडणारा पोर्ट म्हणजे ट्रंक पोर्ट. त्यावरून अनेक व्हीलॅनचे संदेश एकाच तारेतून जातात आणि टॅगवरील क्रमांक पाहून पलीकडचा स्विच त्यांची विभागणी करतो. एकाच गाडीतून अनेक गावांची टपालपिशवी जावी आणि प्रत्येक पिशवीवर गावाचे नाव असावे, तसा हा प्रकार आहे.

दोन व्हीलॅनमध्ये संदेशांची देवाणघेवाण आपोआप होत नाही. त्यासाठी राउटर, तिसऱ्या स्तराचा स्विच किंवा फायरवॉल यांपैकी काहीतरी मध्ये असावे लागते. कोणता संदेश जाऊ द्यावा आणि कोणता अडवावा, याचे नियम याच ठिकाणी लागू करता येतात. व्हीलॅनचे खरे महत्त्व येथे आहे. तो सर्व वाहतूक एका नाक्यावर आणतो आणि त्या नाक्यावर तपासणी शक्य करतो.

औद्योगिक स्विचचे वेगळेपण

कार्यालयातील स्विच वातानुकूलित खोलीत असतो, तर कारखान्यातील स्विच भट्टीजवळच्या लोखंडी पेटीत, धूळ, कंपन आणि उष्णता सोसत काम करतो. त्यामुळे औद्योगिक स्विच बहुधा पंख्याविना बनविले जातात, पेटीतील धातूच्या पट्टीवर बसविले जातात आणि त्यांना २४ व्होल्टचा दुहेरी वीजपुरवठा दिला जातो. अनेक प्रकार उणे ४० ते ७५ अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनविलेले असतात. जाळे अखंड राहावे म्हणून स्विच वर्तुळाकार जोडले जातात. त्यामुळे एका ठिकाणी तार तुटली तरी संदेश उलट दिशेने पोहोचतो.

वेळेचे बंधन हे दुसरे वेगळेपण होय. कार्यालयात ई-मेल दोन सेकंद उशिरा आल्याने काही बिघडत नाही. यंत्रांच्या नियंत्रणात मात्र काही मिलिसेकंदांची मर्यादा असते. विद्युत उपकेंद्रातील अतितातडीचे संरक्षण संदेश तर सुमारे ३ मिलिसेकंदांत पोहोचावेत, अशी आयईसी ६१८५० या मानकाची अपेक्षा आहे. म्हणून कॅमेऱ्यांच्या चित्रांचा सततचा प्रवाह आणि नियंत्रणाचे संदेश यांना वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. व्हीलॅनमुळे तारेची वहनक्षमता वाढत नाही. एकाच ट्रंकवरून दोन्ही प्रवाह जात असतील तर नियंत्रण संदेशांना वरची प्राधान्य श्रेणी द्यावी लागते.

तिसरे वेगळेपण संदेशभाषेचे आहे. 'प्रोफिनेट'सारख्या औद्योगिक प्रणालींचे तातडीचे संदेश दुसऱ्या स्तरावरच वाहतात आणि राउटरमधून पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे नियंत्रक आणि त्याच्या आज्ञेतील उपकरणे एकाच व्हीलॅनमध्ये ठेवणे भाग असते. विभागणी कार्यालयातील खात्यांप्रमाणे नव्हे, तर उत्पादन प्रक्रियेच्या रचनेप्रमाणे करावी लागते, ती यामुळेच.

मांडणीचे टप्पे

मोठ्या पोलाद कारखान्याभोवती सुटे भाग, ओतीव वस्तू आणि दुरुस्तीची कामे पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे वर्तुळ तयार होते. भिलाई परिसरही त्याला अपवाद नाही. अशा परिसरातील एका काल्पनिक लहान रोलिंग मिलचे उदाहरण घेऊन ही मांडणी समजून घेता येईल. मिलमध्ये लोखंड तापविणारी भट्टी, लाटण यंत्रे, बारा कॅमेरे, वजनकाटा आणि छोटे कार्यालय आहे, असे समजू.

पहिला टप्पा नोंदणीचा. जाळ्यावर कोणकोणती उपकरणे आहेत, ती कोणत्या पोर्टवर आहेत आणि कोणाशी संवाद करतात, याची यादी तयार केली जाते. अनुभव असा की, जाळ्यावर प्रत्यक्षात काय जोडलेले आहे, याची पूर्ण कल्पना यादी होईपर्यंत व्यवस्थापनालाही नसते.

दुसरा टप्पा गटवारीचा. भट्टीच्या नियंत्रणासाठी व्हीलॅन १०, लाटण यंत्रांसाठी २०, कॅमेऱ्यांसाठी ३०, कार्यालय व वजनकाट्यासाठी ४०, बाहेरून येणाऱ्या दुरुस्ती अभियंत्यांसाठी ५० आणि स्विचच्या व्यवस्थापनासाठी ९९ असे क्रमांक ठरविता येतील. प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र पत्तामालिका द्यावी. उदाहरणार्थ, व्हीलॅन १० साठी १९२.१६८.१०.० आणि व्हीलॅन २० साठी १९२.१६८.२०.०. क्रमांक आणि पत्ता यांत असे साम्य ठेवल्यास रात्रपाळीतील तंत्रज्ञाला दोष शोधणे सोपे जाते.

तिसरा टप्पा स्विचवरील प्रत्यक्ष नोंदीचा. प्रथम व्हीलॅन निर्माण केले जातात, नंतर प्रत्येक ॲक्सेस पोर्टला त्याचा क्रमांक दिला जातो. ट्रंक पोर्टवर सर्वच व्हीलॅनना मुभा न देता, पलीकडे ज्यांची गरज आहे तेवढेच क्रमांक नमूद केले जातात. वापरात नसलेले पोर्ट बंद करून एका निरुपयोगी व्हीलॅनमध्ये टाकले जातात, म्हणजे मोकळ्या पोर्टला तार जोडून कोणाला आत शिरता येत नाही.

चौथा टप्पा नियमांचा. कार्यालयाला उत्पादनाचे आकडे वाचता यावेत, परंतु भट्टीला आज्ञा देता येऊ नये. कॅमेऱ्यांना केवळ ध्वनिचित्र साठविणाऱ्या यंत्रापर्यंत जाता यावे. बाहेरच्या अभियंत्याला ठरावीक काळापुरता, ठरावीक यंत्रापर्यंतच प्रवेश असावा. सुरुवात 'सर्व बंद' येथून करून आवश्यक तेवढेच उघडणे, हे यातील मूळ तत्त्व आहे.

पाचवा टप्पा चाचणी व जतन यांचा. हे काम नियोजित बंदच्या काळातच हाती घ्यावे, कारण चालू उत्पादनात एका पोर्टचा चुकीचा क्रमांक यंत्र थांबवू शकतो. प्रत्येक जोडणी तपासल्यावर मांडणी स्विचच्या स्थायी स्मृतीत साठवावी आणि तिची प्रत स्विचबाहेर सुरक्षित ठेवावी. अनेक स्विचमध्ये ही साठवण स्वतंत्रपणे करावी लागते. ती राहून गेल्यास वीज जाऊन परत येताच सारी मांडणी पुसली जाते.

मर्यादा आणि नेहमीच्या चुका

व्हीलॅन हा बांध आहे, तटबंदी नव्हे. हा भेद न समजल्यास खोट्या सुरक्षिततेची भावना निर्माण होते. अनेक स्विच कारखान्यातून येतानाच त्यांचे सर्व पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात. तो तसाच ठेवून त्यावरच व्यवस्थापनाचा प्रवेश देणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. ट्रंकवर टॅगविना येणारे संदेश ज्या व्हीलॅनचे मानले जातात, त्याला मूळ व्हीलॅन म्हणतात. हाच क्रमांक सामान्य उपकरणांनाही दिलेला असेल तर संदेशाला दोन टॅग लावून दुसऱ्या विभागात घुसविण्याची युक्ती साधता येते. म्हणून मूळ व्हीलॅनसाठी अन्यत्र कोठेही न वापरलेला क्रमांक ठेवावा.

दुसरी चूक नियम न लावण्याची. व्हीलॅन पाडले, परंतु राउटरने सर्वांना सर्वत्र जाऊ दिले, तर सार्वत्रिक संदेशांचा गोंगाट कमी होतो. हल्लेखोराची वाट मात्र मोकळीच राहते. तिसरी चूक स्विचचा पारशब्द न बदलण्याची. उत्पादकाने दिलेला पारशब्द सर्वज्ञात असतो.

कार्यालय आणि उत्पादन यांच्या सीमेवर केवळ व्हीलॅनवर विसंबणे योग्य नाही. तेथे फायरवॉल आणि मध्यवर्ती तटस्थ क्षेत्र असावे, असे औद्योगिक सुरक्षेचे मार्गदर्शक सांगतात. १९९० च्या दशकात विकसित झालेल्या पर्ड्यू प्रतिमानात यंत्रापासून कार्यालयापर्यंतच्या पातळ्या क्रमाने मांडलेल्या आहेत. आयईसी ६२४४३ ही मानकमालिका 'क्षेत्रे' आणि त्यांना जोडणारे 'नियंत्रित मार्ग' ही संकल्पना मांडते. समान जोखमीची उपकरणे एका क्षेत्रात ठेवावीत आणि क्षेत्रांमधील प्रत्येक मार्गावर नियंत्रण असावे, हा तिचा आशय आहे. व्हीलॅन हे ती संकल्पना प्रत्यक्षात आणण्याचे एक साधन होय. तथापि, २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' प्रकरणाने दाखवून दिले की, इंटरनेटपासून अलग असलेल्या जाळ्यातही पेन ड्राइव्हमधून घातक प्रणाली शिरू शकते. तंत्राला शिस्तीची जोड अपरिहार्य आहे.

अर्थकारणाचा पैलू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने जाळ्याच्या सुरक्षिततेत बाह्य परिणामांचा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या लघुउद्योगाने आपल्या जाळ्याकडे दुर्लक्ष केले, तर त्याची किंमत तो एकटा मोजत नाही. त्याचा संगणक मोठ्या कारखान्याच्या खरेदी यंत्रणेशी किंवा दुरुस्ती जोडणीशी संबंधित असेल, तर धोका पुढे सरकतो. लाभ स्वतःचा आणि हानी इतरांची, अशी स्थिती असते तेव्हा बाजारव्यवस्था पुरेशी गुंतवणूक करीत नाही. लसीकरण किंवा प्रदूषण नियंत्रण यांच्याप्रमाणेच येथेही सार्वजनिक धोरणाची गरज निर्माण होते.

दुसरा मुद्दा खर्चाच्या स्वरूपाचा आहे. व्हीलॅनची सुविधा व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये अंगभूत असते. साध्या स्विचच्या तुलनेत तो महाग असला तरी झोतभट्टी किंवा रोलिंग मिल काही तास बंद राहण्याच्या तुलनेत ही तफावत क्षुल्लक ठरते. किंबहुना अनेक कारखान्यांत अशी क्षमता असलेले स्विच आधीच बसविलेले असतात, मात्र त्यांवरील सर्व पोर्ट एकाच गटात राहतात. म्हणजेच दुर्मीळ घटक भांडवल नसून कौशल्य आहे. विद्युत विभाग यंत्रे जाणतो आणि माहिती तंत्रज्ञान विभाग जाळे जाणतो. दोहोंची भाषा जाणणारा तंत्रज्ञ विरळा असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमात औद्योगिक जाळ्यांचा समावेश करणे, हा म्हणूनच कमी खर्चात अधिक परतावा देणारा उपाय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भिलाई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्था आणि परिसरातील उद्योग यांच्या सहकार्याला येथे मोठा वाव आहे.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा या क्षेत्रातील मूलभूत कायदा आहे. त्याचे कलम ७० सरकारला महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत सुविधांशी संबंधित यंत्रणा 'संरक्षित प्रणाली' म्हणून घोषित करण्याचा अधिकार देते. अशा प्रणालीत अनधिकृत प्रवेश केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ज्या सुविधा निकामी झाल्यास राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर विघातक परिणाम होईल, त्या या संज्ञेत येतात. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७० अ नुसार जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्राची अधिसूचना निघाली. ऊर्जा, वित्त, दूरसंचार, वाहतूक, शासन आणि सामरिक व सार्वजनिक उपक्रम ही त्याच्या कार्यकक्षेतील प्रमुख क्षेत्रे आहेत.

२००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या संस्थेला कलम ७० ब अन्वये सायबर घटनांच्या प्रतिसादाची राष्ट्रीय जबाबदारी देण्यात आली आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत देणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक करण्यात आले. औद्योगिक नियंत्रण यंत्रणांवरील हल्ल्यांचा या घटनांच्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ मध्ये जाहीर झाले, तर वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कायद्याची चौकट उभी राहिली आहे. परंतु कोणत्या पोर्टवर कोणता क्रमांक असावा, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम कारखान्यातील माणसालाच करावे लागते.

समारोप

औद्योगिकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात देशाने कारखाने उभारले आणि त्यांच्याभोवती भिंती बांधून पहारा बसविला. डिजिटल टप्प्यात बाहेरची भिंत पुरेशी राहिलेली नाही. जो आत आला त्याला सर्वत्र फिरता येऊ नये आणि एका कोपऱ्यातील बिघाडाने संपूर्ण कारखाना थांबू नये, अशी आतील रचना आवश्यक आहे. व्हीलॅन हे त्या रचनेचे सर्वांत स्वस्त आणि सहज उपलब्ध साधन आहे. नियमांची, फायरवॉलची आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाची जोड मिळाल्यासच ते परिणामकारक ठरते. उतईत प्रशिक्षण घेऊन बाहेर पडणारा जवान फाटकावर ओळखपत्र पाहतो, तेव्हा भट्टीवरील कामगाराची सुरक्षितता काही अंशी त्याच्या दक्षतेवर अवलंबून असते. आज ती तितकीच, भट्टीशेजारच्या लोखंडी पेटीतील स्विचवर कोणी, कधी आणि किती विचारपूर्वक क्रमांक नोंदविले, यावरही अवलंबून आहे.